रेक्झीनवरचे काळे डाग आणि गुलाबी डाग

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या बंदरावर गेलात तर वेगळीच लगबग दिसते. मेअखेरीस बंद झालेली सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सुरू व्हायची असते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात, इंजिने उघडली जातात, रंगाचे डबे येतात. आणि मग कुठल्या तरी होडीतून एक वैतागलेला आवाज ऐकू येतो. पर्यटकांसाठी हौसेने बसवलेल्या पांढऱ्या रेक्झीनच्या गाद्या काळ्या ठिपक्यांनी भरून गेलेल्या असतात.

तीन वर्षांपूर्वी असाच एक तांडेल, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, मला विचारायला आले. ‘‘मास्तरांनू, हे डाग कशान जातले?’’ मी विज्ञानाचा शिक्षक. उत्तर तोंडावरच होते: ‘‘बुरशी आहे. ब्लीच लावा.’’ त्यांनी लावले. डाग गेले. तांडेल खूश झाले आणि मीही. दिवाळीच्या आत ठिपके पुन्हा आले, पुढच्या वर्षी ते दुपटीने आले, गाद्यांची शिवण ठिकठिकाणी उसवली, आणि तिसऱ्या वर्षी काळ्या डागांच्या जोडीला मोठे गुलाबी डाग दिसू लागले. ते तर ब्लीचला जुमानतच नव्हते.

माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. ‘डाग’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो: एक सजीव, त्याचा रंग, आणि त्याला जगू देणारे अन्नपाणी. ब्लीच मुख्यतः रंगाचा समाचार घेते. बाकीच्या दोहोंचे काय होते, हे समजून घ्यायला आधी ज्यावर हे सारे घडते त्या रेक्झीनकडे पाहू या.

रेक्झीन म्हणजे काय?

रेक्झीन हे मुळात एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड या गावी तो तयार होई. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर चामड्यासारखी नक्षी उठवलेले ते नकली चामडे होते. तो माल मागे पडला, नाव मात्र आपल्याकडे चिकटून राहिले. आज स्कूटरच्या सीटवर, एसटीच्या बाकावर, दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर आणि होडीच्या गादीवर जे रेक्झीन असते ते बहुधा कापडावर चढवलेले पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड असते.

आता गंमत पाहा. घराच्या भिंतीवरून जाणारा पाण्याचा करडा पाइपही पीव्हीसीचाच. तो ठोकला तर टणटणतो, वाकवला तर मोडतो. मग रेक्झीन इतके मऊ कसे? पीव्हीसीचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून पदार्थ कडक होतो. या साखळ्यांच्या मध्ये तेलासारख्या एखाद्या द्रवाचे रेणू घुसवले तर साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पदार्थ मऊ पडतो. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही मिळते का हे शोधत असताना त्याला हे मऊ पीव्हीसी गवसले. मऊ रेक्झीनच्या लेपात वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग प्लॅस्टिसायझरचा असू शकतो. म्हणजे आपण ज्याला घन पदार्थ समजून त्यावर बसतो, त्यात बरेचसे ‘तेल’ आहे, आणि ते साखळ्यांना रासायनिक बंधाने बांधलेले नाही, नुसते मध्ये मुरलेले आहे. पुढे गुलाबी डागांचे कोडे सोडवताना ही गोष्ट फार उपयोगी पडणार आहे.

बुरशी खाते काय?

पीव्हीसीची साखळी बुरशीला पचत नाही. क्लोरीनने भरलेली ती साखळी तोडण्याची साधने तिच्याकडे जवळपास नाहीतच. मग रेक्झीनवर बुरशी जगते कशावर?

पहिले अन्न आपणच पुरवतो. बसणाऱ्याच्या अंगाचा घाम, त्वचेचे तेल, केसांना लावलेले खोबरेल, सांडलेले सरबत, हवेतली धूळ आणि परागकण. बुरशीला एवढा पातळ थर पुष्कळ होतो. त्यात काही मंडळी गादीला चकाकी यावी म्हणून तेलाचा हात फिरवतात. ती तर मेजवानीच.

दुसरे अन्न रेक्झीनमधलेच, ते म्हणजे प्लॅस्टिसायझर. बरेचसे प्लॅस्टिसायझर हे एस्टर असतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एस्टर परिचित आहे: आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून पाणी बाहेर पडून तयार होणारे संयुग. बुरशीची पचन करण्याची रीत आपल्या उलट आहे. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी विकरे बाहेर सोडून अन्न अंगाबाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. एस्टरेज नावाची विकरे एस्टरमध्ये पाणी घालून त्याचे पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल करतात, आणि त्यातून बुरशीला कार्बन मिळतो. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी मऊ पीव्हीसीचे तुकडे ९५ आठवडे उघड्या हवेत टांगून ठेवले आणि त्यांवर कोण कोण वस्तीला येते ते पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सुमारे २५ आठवड्यांनी बुरशीने बस्तान बसवले, आणि या वसाहतकारांत ऑरिओबेसिडियम पुल्युलान्स ही काळपट बुरशी प्रमुख होती. प्रयोगशाळेत मऊ पीव्हीसीखेरीज दुसरे कोणतेही अन्न न देता ती त्यावर वाढली, आणि तुकड्याचे वजन घटले.

म्हणजे जुनी, डागाळलेली गादी कडक होऊन तडकते त्यात उन्हाचा हात असतो, तसा थोडा या पाहुणीचाही असतो.

तिचा काळा रंग बहुधा मेलॅनिनचा. आपल्या केसांना आणि कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचेच हे भाऊबंद. उघड्यावर वाढणाऱ्या बुरशीला उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते वाचवते. हे रंगद्रव्य पेशींच्या भित्तिकेत असते, रेक्झीनमध्ये नव्हे. म्हणूनच काळा डाग काढता येतो.

आणि पाणी?

अन्नापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते गादीवर पडणार नाहीत अशी व्यवस्था आपल्याला करता येत नाही. पण बहुतेक बुरशींना वाढायला पृष्ठभागाजवळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागते. काही काटक जाती ७०–७५ टक्क्यांवरही तग धरतात. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही अट दिवसरात्र पूर्ण होते.

त्यात आपण ताडपत्री घालतो. पाऊस आत येऊ नये म्हणून घातलेली ताडपत्री आतली वाफ बाहेरही जाऊ देत नाही. एक साधे गणित करून पाहा. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यात सुमारे २५.८ ग्रॅम बाष्प आहे. २७ अंशाला संपृक्त हवेत मावते तेवढेच, २५.८ ग्रॅम. म्हणजे रात्री ताडपत्रीखालची हवा अवघी ३ अंश थंड झाली की ती संपृक्त होते, आणि त्याहून जरा थंड असलेल्या ताडपत्रीच्या पोटाला दव धरते. तेच थेंब गाद्यांवर ठिबकतात. बाहेर पाऊस नसला तरी आत पाऊस!

आपले जुने लोक होड्या झापांनी शाकारत. माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पाणी ओघळू देतात पण फटींतून वारा खेळू देतात. झाप दरवर्षी बदलावे लागतात, ताडपत्री स्वस्त आणि सोपी, हे मान्य. पण शाकारण्यामागे एक विचार होता आणि ताडपत्री घेताना तो आपण बाजारातच ठेवून आलो, एवढे खरे.

समुद्रावरच्या गादीची आणखी एक अडचण असते, ती मिठाची. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ पाझरते हे सर्वांना ठाऊक आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइडचा खडा हवेतले बाष्प ओढून स्वतः विरघळतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. समुद्राच्या पाण्याने पुसलेली गादी उन्हात कोरडी दिसते, हाताला मात्र चिकट लागते याचे कारण हेच. संहत खारट द्रावणात बुरशी सहजी वाढत नाही हे खरे, पण पावसाची एक तिरपी सर मीठ विरळ करते आणि शिवणीतला, खालच्या कापडातला ओलावा तसाच राहतो. आमचे तांडेल मेमध्ये होडी बंद करताना गाद्या शेवटची ‘आंघोळ’ समुद्राच्या पाण्याचीच घालत. पाणी जवळ, फुकट आणि हवे तेवढे. गोड्या पाण्याच्या चार बादल्या मात्र विहिरीवरून आणाव्या लागतात.

ब्लीच नेमके काय करते?

ब्लीच म्हणून बाटलीत मिळते ते सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. ताजे असताना घरगुती बाटलीत साधारण ४ ते ५ टक्के. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये क्लोद बेर्तोले याने क्लोरीन वापरून कापड पांढरे करण्याची युक्ती काढली. पॅरिसजवळच्या ज्या जावेल गावी हे द्रावण तयार होई, त्यावरून त्याला ‘जावेलचे पाणी’ म्हणत.

रंगद्रव्याला रंग येतो तो त्याच्या रेणूत एकाआड एक येणाऱ्या दुहेरी बंधांच्या लांब रांगेमुळे. अशी रांग दृश्य प्रकाशातला काही भाग शोषून घेते. हायपोक्लोराइट ऑक्सिडीकरणाने ही रांग मध्येच तोडते. रेणूचे तुकडे राहतात, पण ते दिसणारा प्रकाश शोषत नाहीत. डाग ‘गेला’ म्हणजे बुरशीचे सगळे अवशेष गेले असे नव्हे. त्यातले जे उरले ते आता दिसत नाहीत.

हायपोक्लोराइट बुरशीला मारतही नाही असे मला म्हणायचे नाही. पृष्ठभागावरच्या पेशी ते चांगल्यापैकी मारते. पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी की हायपोक्लोराइटला बुरशी आणि मळ यांतला फरक कळत नाही. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी ते अभिक्रिया करते आणि त्यातच खर्च होते. मळक्या गादीवर ओतलेले ब्लीच बरेचसे घामावर आणि तेलावरच संपते. दुसरी अडचण शिवणीची. शिवणीच्या भोकांतून पाणी आत जाते, खालच्या कापडात आणि स्पंजात मुरते आणि बुरशीचे तंतू तिथे सुखाने नांदतात. वरून फिरवलेला बोळा तिथवर पोचत नाही. वरचा ठिपका पांढरा झाला, आतले मूळ शाबूत, अन्न तसेच, ओलही तशीच. मग दिवाळीपर्यंत डाग परत आले तर नवल काय!

उलट ब्लीच जिथे जाऊ नये तिथे गेले. सुती आणि नायलॉनचा दोरा हायपोक्लोराइटने कमजोर होतो. पॉलिएस्टरचा दोरा बराच टिकतो. तांडेलांच्या गाद्या कशाने शिवल्या होत्या हे शिवण उसवल्यावर कळले. पोलादी पिना आणि बटणे गंजली ती वेगळीच.

मग कसे काढावेत?

आधी डाग खरोखर बुरशीचा आहे का ते पाहावे. त्यासाठी सोपी परीक्षा आहे: कोपऱ्यातल्या एखाद्या काळ्या ठिपक्यावर ब्लीचचा एक थेंब ठेवायचा. एकदोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर ती बुरशी. काळाच राहिला तर मळ, काजळी किंवा इंजिनाचे तेल. त्याला साबण हवा, ब्लीच वाया घालवू नये.

काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करावे. कोरडी बुरशी कधीही झाडू नये. एका झटक्यासरशी असंख्य बीजाणू हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला ते महागात पडते. आधी गादी ओली करावी. मग कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण घालून मऊ ब्रशाने धुवावी आणि भरपूर गोड्या पाण्याने साबण काढून टाकावा. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच लोक ते टाळून ब्लीचच्या बाटलीकडे वळतात. पण अन्न काढून टाकले जाते ते इथेच. डागांतला बराच भाग या धुण्यातच निघतो हे पाहून तांडेलांना आश्चर्य वाटले.

उरलेल्या काळ्या खुणांसाठी मी आता हायड्रोजन पेरॉक्साइड आधी सुचवतो. औषधाच्या दुकानात ते ‘२० व्हॉल्यूम’ अशा नावाने मिळते. याचा अर्थ मुलांना जरूर विचारा: एक लिटर द्रावणातून प्रमाण तापमानाला व दाबाला २० लिटर ऑक्सिजन निघतो, आणि ते साधारण ६ टक्के भरते. तेवढेच पाणी मिसळले की ३ टक्के. ओला फडका डागावर दहापंधरा मिनिटे ठेवावा, मग धुवावे. त्याचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतात, मागे क्षार राहत नाहीत. काम ब्लीचपेक्षा सावकाश होते. तेवढ्याने भागले नाही तर आधी पेरॉक्साइड पूर्ण धुऊन टाकून ब्लीच वापरावे, पण एका भागाला दहा भाग पाणी घालून, हातमोजे घालून, शिवण टाळून, आणि दहा मिनिटांत धुऊन टाकण्याच्या तयारीने. कोणतेही द्रावण आधी गादीच्या खालच्या बाजूला लावून पाहावे. रंगीत रेक्झीनचा रंगही उतरू शकतो.

थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना हात लावू नये. डाग निघाल्यासारखा दिसतो, पण हे द्रव रेक्झीनमधला प्लॅस्टिसायझर ओढून काढतात. मग रेक्झीन त्या पाइपासारखे कडक होऊ लागते आणि पहिल्या जाड प्रवाशाखाली तडकते. भांडी घासायची तारेची चोथी आणि घासण्याची भुकटी यांचेही तेच. त्या वरचा गुळगुळीत थर खरवडतात, आणि खरवडलेल्या खाचा पुढच्या वर्षीच्या बीजाणूंना बसायला जागा देतात.

एक धोक्याची गोष्ट

गेल्या वर्षी घडलेला प्रसंग सांगणे मला भाग आहे. तांडेलांचा मुलगा, दहावीतला हुशार पोरगा, एकटाच होडीत गाद्या धूत बसला होता. वर ताडपत्री अर्धीच काढलेली. ब्लीचने गुलाबी डाग जाईनात म्हणून त्याने त्याच बादलीत संडास साफ करायचे ॲसिड ओतले. दोन जोरदार औषधे, म्हणजे दुप्पट जोर, असा त्याचा हिशोब. बादलीतून फसफस झाली आणि पोरगा खोकत, डोळे चोळत बाहेर धडपडला. शेजारच्या होडीवरच्यांनी त्याला ओढून वाऱ्यावर नेले म्हणून निभावले.

संडास साफ करण्याच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचच्या द्रावणात हायपोक्लोराइट आणि क्लोराइड हे दोन्ही आयन शेजारी शेजारी नांदत असतात, पण ते द्रावण मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेले असते. आम्ल पडले की दोघांची अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू बाहेर पडतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने फ्रेंच सैन्यावर सोडला तोच हा वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून खोलगट जागी साचून राहतो. होडी म्हणजे एक मोठी वाटीच, आणि वर ताडपत्रीचे झाकण. त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

लिंबाचा रस आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लेच, हे घरगुती उपाय सांगणारे विसरतात. अमोनिया असलेल्या काचपुसणीत ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन नावाचे, तेवढेच त्रासदायक वायू तयार होतात. शाळेच्या मुताऱ्यांत ब्लीच ओततानाही हे थोड्या प्रमाणात घडते, कारण तिथे अमोनिया असतोच. म्हणून आधी भरपूर पाणी मारावे. चुकून असे काही मिसळले गेले तर त्यात आणखी काही ओतून ‘उतारा’ करायला जाऊ नये. बादली तशीच सोडून उंचावर, मोकळ्या वाऱ्यावर यावे. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. आपल्या शाळेच्या कपाटात ब्लीच आणि ॲसिड एकाच फळीवर आहेत का, हे हा अंक खाली ठेवल्यावर एकदा पाहून यावे.

गुलाबी डागांचे कोडे

इतके करूनही तो गुलाबी डाग का गेला नाही? आम्ही तो साबणाने, पेरॉक्साइडने, विरळ ब्लीचने धुतला. काळे ठिपके नाहीसे झाले; गुलाबी डाग होता तसाच राहिला. त्याच्या कडाही वेगळ्या होत्या. काळे ठिपके टोकदार, स्पष्ट. गुलाबी डाग कागदावर पसरलेल्या शाईसारखा, कडेला विरत गेलेला.

गादी उलटी करून खालचे कापड उसवले तेव्हा सुगावा लागला. डागाच्या बरोबर मागे ओलसर स्पंज होता आणि त्याला शेवाळलेला, मातकट वास येत होता. गुलाबी डाग पाडण्याबद्दल प्रसिद्ध असलेला सूक्ष्मजीव बुरशी नव्हे, तर स्ट्रेप्टोमायसेस गटातला एक जीवाणू आहे. हा गट आपल्या ओळखीचा आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध १९४३ साली याच गटातल्या एका जातीतून मिळाले, आणि पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास ज्या जिऑस्मिनमुळे येतो तेही हेच जीवाणू तयार करतात. आमच्या गादीतल्या जीवाणूची मी काही प्रयोगशाळेत ओळख पटवली नाही, पण सगळी लक्षणे जुळत होती.

हा जीवाणू गादीच्या मागच्या बाजूला, ओल्या कापडात वाढतो आणि एक लालसर रंगद्रव्य सोडतो. हे रंगद्रव्य पाण्यात नव्हे तर तेलात विरघळणारे आहे. आता रेक्झीनमधल्या त्या मुरलेल्या ‘तेला’ची आठवण करा. रंगद्रव्य प्लॅस्टिसायझरमध्ये विरघळते आणि त्याच्याबरोबर रेक्झीनच्या जाडीतून हळूहळू पसरत वरच्या बाजूला येते. आपल्याला दिसतो तो डाग रेक्झीनवर नाहीच, तो रेक्झीनमध्ये आहे. ब्लीच हे पाण्यातले द्रावण. ते तेलकट पीव्हीसीत शिरत नाही, त्यामुळे रंगाची आणि त्याची गाठच पडत नाही. रंगापर्यंत पोचेल असा द्रावक वापरला तर तो रंगाबरोबर प्लॅस्टिसायझरही काढून नेईल, आणि डागाच्या जागी तडा येईल.

याचा अर्थ हा डाग पडल्यावर निघत नाही. बाजारात ‘सर्व डाग हमखास’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर यासाठी पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे. स्पंज काढून वाळवावा, फार कुजला असेल तर टाकावा, मागचे कापड बदलावे, म्हणजे निदान डाग वाढायचा थांबतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

रुंद तोंडाच्या तीन बरण्या घ्या. एकीच्या तळाशी साधे पाणी, दुसरीत मिठाचे संपृक्त द्रावण, म्हणजे तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे, आणि तिसरीत भट्टीतून काढलेला ताजा कळीचा चुना थोडा. झाकण लावल्यावर पहिल्या बरणीत आर्द्रता १०० टक्क्यांजवळ, दुसरीत ७५ टक्क्यांजवळ राहते आणि तिसरीत हवा कोरडी पडते. चुन्याला मुलांनी हात लावू नये. शिवणकाम करणाऱ्याकडून रेक्झीनच्या कातरणी आणा. प्रत्येक बरणीत चार तुकडे दोऱ्याने लोंबते ठेवा: एक साबणाने धुतलेला, एक मळक्या हाताने चोळलेला, एक खोबरेल तेल लावलेला, एक पातळ साखरपाण्यात बुडवलेला. सगळ्यांवर जुन्या पावावरच्या बुरशीचे पाणी एकेक थेंब टाका. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावा आणि ती शेवटपर्यंत उघडू नका. काचेतून भिंगाने पाहा. दर आठवड्याला तक्ता भरा.

पहिल्या बरणीतला कोणता तुकडा आधी काळवंडतो, तेथला धुतलेला तुकडा किती दिवस टिकतो आणि तेल लावलेला तुकडा चुन्याच्या बरणीत कसा राहतो, यावर मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. अन्न महत्त्वाचे की पाणी, हा वाद त्यांनीच घालू द्यावा. प्रयोग संपल्यावर बरण्या न उघडता बाहेर न्याव्यात, उघड्यावर त्यांत ब्लीचचे पाणी ओतून तासाभराने रिकाम्या कराव्यात. चुन्याची बरणी मात्र वेगळी ठेवावी. त्यात पाणी पडले की चुना उसळून प्रचंड तापतो.

तांडेलांच्या होडीवर या मे महिन्यात काही बदल झाले. गाद्या दोन वेळा गोड्या पाण्याने धुऊन, चार दिवस कडकडीत वाळवून, होडीऐवजी घराच्या पडवीत नेल्या, आणि एकावर एक न रचता उभ्या, मध्ये बांबूच्या कांबी घालून ठेवल्या. होडीवर ताडपत्री घातली, पण आडव्या बांबूवर उचलून, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी सोडून. ऑगस्टअखेरीस गाद्या उघडल्या तेव्हा काही कोपऱ्यांत बारीक ठिपके होते. ते साबणपाण्यानेच निघाले, ब्लीचची बाटली उघडावी लागली नाही. शिवण या खेपेस पॉलिएस्टरच्या दोऱ्याची आहे. गुलाबी डागांच्या दोन गाद्या तेवढ्या अजून तशाच आहेत. त्या त्यांनी इंजिनाजवळच्या बाकावर, स्वतःच्या बसण्यासाठी ठेवल्या आहेत.